सोंड नसलेला हत्ती

सोमवार, ८ सप्टेंबर

शिफ्ट संपली की रिपोर्ट लिहायचा, ही कंपनीतली सवय. कंपनी गेली, सवय राहिली. काल रात्री जेवताना मी टेबलावर बोटाने काहीतरी लिहीत होतो म्हणे. संपदा म्हणाली, "डायरी घे आणि लिही. डोकं तरी जागेवर राहील तुझं." म्हणून हे सुरू.

हकिगत अशी. वालीवला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, मी तिथे शिफ्ट इन-चार्ज. गणपतीची सुट्टी संपवून गेलो तर शेडला टाळं. मालकाने जागा विकली, मशिनं विकली, आम्हाला सांगायचं तेवढं राहून गेलं. मी घरी बसलो म्हणून सोनूला पाळणाघरातून काढली. घरात धडधाकट बाप असताना तिथे पैसे कशाला भरायचे? तिची जागा दुसऱ्या दिवशी भरली.

सासूबाईंनी सावंतवाडीहून फोनवर पुढचंही ठरवून टाकलं. जितेंद्ररावांना, म्हणजे मला, नोकरी लागली की सोनूला मी इकडे घेऊन येते, शाळेत जाईपर्यंत इथेच वाढेल. त्यांचं चूक नाही. संपदा सकाळी सातला घर सोडते, यायला साडेआठ होतात. वालीवची शिफ्ट बारा तासांची. दोन वर्षांच्या पोरीकडे बघणार कोण?

तेव्हा नोकरी लागेपर्यंत मी आणि सोनू. आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. पुठ्ठ्यातल्या माणसाला वालीवमध्ये मरण नाही.

बिल्डिंगमध्ये सगळ्यांना वर्क फ्रॉम होम म्हणून सांगितलंय.

बुधवार, १० सप्टेंबर

दोन वर्षांचं माणूस दिवसभर करतं काय, हे मला माहीतच नव्हतं. ते काहीच करत नाही आणि एक मिनिट बसत नाही. वाढदिवसाला आलेली सगळी खेळणी दहा वाजेपर्यंत फेकून झाली. टीव्ही लावला तर ती गप्प बसली, पण तिचा चेहरा बघून मलाच कसंतरी झालं. रात्रपाळीच्या शेवटी आमची पोरं असं तोंड करून बसायची.

बिल्डिंगच्या मागे गणपतीच्या मखरांची खोकी पडली होती. पाच पदरी, चांगला माल, कोणी हातही लावला नव्हता. दोन उचलून आणली. पट्टी, कटर, पेन्सिल घेऊन रीतसर आखणी केली आणि मोटारगाडी बनवली. चार चाकं फिरणारी, दार उघडणारं. कंपनीत पहिला नग पास झाल्याशिवाय माल सुटत नाही. इथे पास करणारी सोनू. तिने गाडीकडे एकदा पाहिलं आणि कापून उरलेल्या खोक्यात जाऊन बसली. तासभर बाहेर आली नाही. मधूनमधून वर डोकं काढून "बा" म्हणायची आणि परत बुडी मारायची.

माझी गाडी रिजेक्ट. पाहुण्यांना दाखवायला ठेवलीय.

शनिवार, १३ सप्टेंबर

संपदाला सुट्टी, म्हणून मुलाखतीला गेलो. वालीवमध्येच, आमच्या जुन्या शेडच्या मागे. मालक बरा वाटला. पण कटिंग मशिनचा गार्ड काढून पोरं काम करत होती. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, गार्ड लावला की प्रॉडक्शन बसतं. मी म्हटलं, बोट गेलं की आणखी बसेल. शब्दाने शब्द वाढला. चहा न पिता उठलो.

संपदा म्हणाली, "पहिल्याच दिवशी भांडायची काय गरज होती?" तत्त्वाची गोष्ट आहे, मी सांगितलं. आमच्याही कंपनीत गार्ड नव्हते, हे तिला आठवलं. बायकांच्या नको तेवढं लक्षात राहतं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज तीन प्रयोग. भेंडीचा देठाकडचा भाग कापून बिटाच्या रसात बुडवला आणि कागदावर ठसे काढले, फुलं उमटली. सोनूने पहिल्या दोन फुलांनंतर भेंडी खाल्ली. घमेल्यात पाणी, चहाची गाळणी आणि वाट्या दिल्या, त्यात ती जेवायची वेळ विसरली. प्लास्टिकच्या बाटलीत मसूर भरून खुळखुळा केला, झाकण वितळवून पक्कं बसवलं. पोरांच्या खेळण्यात झाकण उघडता कामा नये, एवढं मला कळतं.

बाजारचे रंग मी घरात आणू देणार नाही. त्यात काय काय विष असतं देव जाणे. हळद, बीट, पालक, कॉफी, बस.

आता डिंकाचा प्रश्न. विकतचा डिंक नको म्हणून मैद्याची खळ केली, तर सकाळी तिच्यावर झुरळं. मग कंपनीची रीत आठवली. खळ शिजताना चिमूटभर मोरचूद टाकायचं, झुरळाच्या बापाची हिंमत होत नाही जवळ यायची. गोदामात महिनोन्महिने माल पडून राहायचा, एक कीड लागायची नाही. किराणावाल्याकडे मोरचूद मिळालं. खळीला मंद निळी छटा येते, तीही छान दिसते.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

हत्ती! रद्दी भिजवून, कुटून, खळ घालून लगदा केला. दोन दिवस गॅलरीत वाळवला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तसं होणार अशी संपदाची पैज होती, पण हत्ती हत्तीसारखाच झालाय. पोट जरा सुटलंय, ते माझ्यावर गेलं असेल. सोंड वर केलेली. डोळ्यांना काळे मिरे लावले नाहीत, पोरीने उकरून नाकात घातले असते. कोळशाने काढले.

सोनू बघून ओरडलीच, "अत्ती!" हा तिचा नवा शब्द. झोपताना हत्ती कुशीत. सोंड चोखत झोपली. अंगठा सुटला एकदाचा, संपदा खूश.

शनिवार, २० सप्टेंबर

वसई पूर्वेला मुलाखत. पोहोचल्यावर लक्षात आलं, सर्टिफिकेटांची फाईल घरी राहिली. माझ्या हातून असं कधी होत नाही. त्यांनी सोमवारी या म्हणून सांगितलं. सोमवारी सोनूला कुठे ठेवणार? बघू म्हणून निघालो. येताना मुलाखतीचं टेन्शन गेल्यामुळे बरं वाटत होतं. कोपऱ्यावर बसून मलई कुल्फी खाल्ली.

बुधवार, २४ सप्टेंबर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जुलियाना मावशी बसते, नंदाखालची. घरच्या वाडीतली केळी, अळू, शहाळी घेऊन येते. रोज दुपारी मी आणि सोनू तिच्यापुढून जातो, म्हणून तिने आज विचारलंच.

"कामधंदा नाय काय रे तुला?"

"आहे ना. वर्क फ्रॉम होम."

"कसला?"

"खोक्यांचा."

"घरात खोकी बनवतोस?"

खोटं म्हणावं तर तेही नव्हतं. ती हसली नाही. म्हणाली, "उद्या ये वाडीत. पोरीला मोकळी सोड जरा."

गुरुवार, २५ सप्टेंबर

सोनूला स्कूटरवर पुढे उभी करून नंदाखालला गेलो. केळीच्या खोडाचं सोपट सोलून मावशीने होडी केली आणि पाटाच्या पाण्यात सोडली. सोनू होडीबरोबर चालत गेली, काठाकाठाने. मी मागे, शर्ट धरून. होडी अडकली की ती थांबायची आणि माझ्याकडे बघायची, मी होडी काठीने सोडवायचो. नंतर माडाची गळलेली झावळ मिळाली. तिच्या देठाकडच्या रुंद भागावर सोनूला बसवून मी शेंड्याला धरून वाडीभर ओढली. ती पडली, हसली, परत बसली. मी घामाघूम. कंबर धरून उभा राहिलो तर म्हणते, "बाबा, अजून."

आख्खं वाक्य! दोन शब्दांचं का होईना. मी संपदाला लगेच फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती, तिने कापला.

मावशीने निघताना केळ्यांची फणी दिली. संध्याकाळी सोनूला दोनदा जुलाब झाले. केळी जास्त झाली असणार, मावशीला नाही म्हणता येत नाही हीच माझी चूक. आता केळी बंद.

सोमवार, २९ सप्टेंबर

मितेश आमच्या कंपनीत डिस्पॅचला होता, आता कामणच्या एका मोठ्या युनिटमध्ये लागलाय. त्याचे तीन मिस्ड कॉल. माझे हात लगद्यात होते. हात धुतले तोवर सोनू झोपेला आली, मग राहूनच गेलं. रात्री संपदाने फोन बघितला.

"परत का नाही केलास?"

"उद्या करतो."

"तुझं माझं पटणार आहे का जितू? ईएमआय माझ्या एकटीच्या पगारावर आणखी किती ओढायचा?"

ती ओरडली असती तर मी उलटून बोललो असतो. ती ओरडली नाही. भांडी घासत बसली, घासलेलीच परत. मला घरात कुठे बसावं कळेना. गॅलरीत गेलो, आत आलो, परत गॅलरीत. नोकरी शोधणाऱ्या माणसाला काय त्रास असतो हे घरच्यांना कळत नाही.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. कंपनीत आज मशिनांना हार, पेढे, मालकाचं एकुलतं एक भाषण. यंदा घरीच पाट मांडला. कटर, कात्री, स्टीलची पट्टी, पंच. हळदकुंकू वाहिलं. संपदा बाजूला उभी राहून बघत होती. सोनू धावत गेली, हत्ती आणला आणि पट्टीशेजारी ठेवला. त्यालाही कुंकू लावलं.

सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या. म्हणाल्या, "जितेंद्रराव, हत्यारं पुजलीत, आता काम लागू दे म्हणजे झालं. सोनूसाठी मी खोली रंगवून घेतलीय." मी हो हो म्हटलं. खोलीला कसला रंग दिलाय, लहान मुलांना चालतो का, एवढं विचारलं.

शनिवार, ४ ऑक्टोबर

नोकरी लागली. मितेशने स्वतः येऊन गाडीवर बसवून नेलं, त्यामुळे फाईलही विसरता आली नाही. कामणला, सुपरवायझर, तेरा तारखेपासून. मशिनांना गार्ड आहेत, सगळं नीट आहे. काही खोट काढावी असं नाहीच.

संपदाने शिरा केला. सासूबाई अकराला येणार, बाराला सोनूला घेऊन जाणार. तिकीट काढलं.

मला आनंद झालाय. फक्त शिरा गेला नाही, साखर जास्त पडली असेल.

सोमवार, ६ ऑक्टोबर

हत्ती सावंतवाडीला धड जायला हवा. सोंड चोखून चोखून नरम पडलीय, टोकाला लगदा सुटलाय. शिवाय काल त्याच्यावर झुरळ दिसलं, म्हणून आज खळीत मोरचूद जरा सढळ हाताने टाकलं आणि सोंडेवर दोन जाड थर चढवले. सोनूच्या हाती लागू नये म्हणून फ्रिजवर ठेवलाय. सारखी बोट दाखवते, अत्ती, अत्ती. वाळेपर्यंत धीर धर म्हटलं तर कोणाला कळतंय?

बुधवार, ८ ऑक्टोबर

कसं लिहू? लिहिल्याशिवाय हात थांबत नाहीत, म्हणून लिहितो.

काल दुपारी ती रडायला लागली, आणि चार दिवसांत जाणार म्हणून मला तिचं रडणं बघवेना. हत्ती दिला. सोंड हाताला कोरडी लागत होती. मी तिच्या फ्रॉकच्या घड्या घालत बसलो. वळून पाहिलं तर सोंड नव्हती. अर्धी खाल्लेली, अर्धी तिच्या हनुवटीवर. मी हसलो. देवा, मी हसलो आणि तिचा फोटो काढला.

मग ती ओकली. हिरवट-निळं. पुन्हा, पुन्हा, नुसतं पाणी पडेपर्यंत. अंग गार. तेव्हा एका क्षणात सगळं कळलं. झुरळ का येत नाही खळीजवळ, ते कळलं.

तिला उचलून खाली धावलो. रिक्षाने जवळच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये. डॉक्टरीणबाई तिला तपासत होत्या आणि मला विचारत होत्या.

"काय खाल्लं?"

"कागद. लगदा. मैद्याची खळ."

"एवढ्याने असं होत नाही. मुलीजवळ दिवसा कोण असतं? त्यांना विचारा."

"मी वर्क फ्रॉम..." जिभेवर आलंच होतं. गिळलं. "मीच असतो. दिवसभर मीच. खळीत मोरचूद घातलं होतं, मी घातलं. तीन आठवडे ती तेच चोखतेय."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग नर्सला भराभर काहीतरी सांगितलं. सलाईन लागलं, रक्त तपासायला गेलं. नंतर त्या म्हणाल्या, बरंचसं ओकून पडलंय, वेळेवर खरं सांगितलंत. मागचे जुलाब त्यानेच झाले असतील. मी जुलियाना मावशीच्या केळ्यांना दोष देऊन बसलो होतो.

संपदा आली. मी तिला सगळं सांगितलं, एक शब्द वगळला नाही. ती सोनूच्या पायाला हात लावून बसली, माझ्याकडे बघितलं नाही. आज दुपारी घरी सोडलं. सोनू बरी आहे, पेज प्यायली. मी घरातलं सगळं, गाडी, खुळखुळा, ठसे, कचऱ्याच्या गाडीत नेऊन टाकलं. मला माझ्या हातांची भीती वाटते.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

संपदाने रजा घेतलीय. मी सोनूला मोबाईल लावून दिला. ती उठली, स्वयंपाकघरातून एक रिकामा चहाचा पुडा आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "बाबा, कल." कर म्हणाली मला, काहीतरी कर. मी म्हटलं, नको ग. ती पुडा घेऊन उभीच. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो.

बरं झालं ती आजीकडे चाललीय. तिथे सुखरूप राहील. हे मी दिवसभर स्वतःला सांगतोय.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सासूबाई सकाळी आल्या. मोरचुदाचं त्यांना कळलंय. दुपारी बॅग काढून सोनूचे कपडे भरायला बसल्या. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, मग पुन्हा पाणी प्यायला गेलो. संपदाने ओट्याजवळ गाठलं.

"जितू, तू भांडलास, फाईल विसरलास, फोन घेतला नाहीस. मला काय समजतोस? तुला नोकरी नकोच होती."

"काहीतरीच काय. मी..."

गार्ड, फाईल, लगद्यातले हात, कुल्फी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. महिनाभर मी कोणाला फसवत होतो? तिला तर नाही, तिला पहिल्यापासून कळत होतं.

"एकदा तोंडाने म्हण," ती म्हणाली. "मी महिनाभर वाट बघतेय. नोकरी गेली म्हणून नाइलाजाने घरी बसलेला नवरा मला पोसायचा नाहीये. राहायचं असेल तर राहतो म्हण, मग पैशाचं बघू दोघं."

"आणि परवाचं?"

"परवा मला तुझा जीव घ्यावासा वाटला. अजून वाटतो. पण डॉक्टरांपुढे तू लपवलं असतंस तर मी आजच आईबरोबर गेले असते, सोनूला घेऊन."

मी म्हटलं, "मला सोनूजवळ राहायचंय."

"मग आईला तूच सांग. मी नाही सांगणार."

बाहेर गेलो. सासूबाई झबली मोजत होत्या. सांगितलं. नोकरी घेत नाही, मुलीला मी सांभाळणार. त्यांनी हातातलं झबलं बॅगेवर ठेवलं. मग आतल्या दिशेने बघून म्हणाल्या, "गो संपदा, हा काय म्हणतो ऐकलंस?" आतून संपदा म्हणाली, "ऐकलं."

"पुरुष माणूस घरात बसून पोर वाढवणार? लोकांना काय सांगणार तुम्ही, जितेंद्रराव?"

"हेच."

"विष घातलंत तिला."

"घातलं. ते मी जन्मभर विसरणार नाही. यापुढे जी वस्तू स्वतःच्या तोंडात घालणार नाही, ती तिच्या हातात देणार नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी दिवाळी होईपर्यंत हलणार नाही इथून. डोळ्यांदेखत बघते. एवढंसं जरी वेडंवाकडं दिसलं, तर तिकिटाचीसुद्धा वाट बघणार नाही, उचलून नेईन." मी बरं म्हटलं. त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

मितेशला फोन केला. तो आधी चिडला, मग म्हणाला, "वेडा झालास काय?" त्याची माफी मागितली. माझ्यासाठी त्याने शब्द टाकला होता, वाईट वाटलं.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आज कामणला पहिली पाळी असती. सकाळी सोनूला घेऊन भाजीला निघालो. सासूबाई गॅलरीतून बघत होत्या. परत येताना लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या जीना आंटी भेटल्या, चर्चमधून येत होत्या.

"काय जितेंद्र, सोमवारी पण घरी? काम बरं आहे बाबा तुझं, कॉम्प्युटरवर."

"कॉम्प्युटरवर नाही आंटी. कंपनी बंद झाली. नोकरी नाही मला. संपदा कामावर जाते, मी हिला सांभाळतो."

लिफ्टमध्ये कुठे बघायचं हा मोठाच प्रश्न असतो. आंटींनी छातीवर हात ठेवला आणि मनापासून म्हणाल्या, "अरेरे!"

माझे कान तापले. काहीतरी खमंग उत्तर द्यावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात सोनू कडेवरून आंटींच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "अलेले!" तिला तो आवाज फारच आवडला. टाळ्या पिटत परत, "अलेले! अलेले!" आंटी आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, मग त्यांना हसू आवरेना. सोनू माझ्याकडे बघत थांबली. खेळात दुसरा भिडू लागतोच.

मीही म्हटलं, "अरेरे!" आमचा तिसरा मजला येईपर्यंत आम्ही तिघंही तेच म्हणत होतो, आणि दार उघडल्यावर सोनू उतरायला तयार नव्हती.